पाणी, उष्णता आणि चामड्याचें जाकीट

चामड्याचें जाकीट ही वस्तु आपल्या उष्ण प्रांतांत नित्याची नव्हे. तथापि मोटारसायकलीवर बसणाऱ्या तरुणांमुळें व थंड मुलुखांत नोकरीस गेलेल्या आप्तांमुळें ती आतां कित्येक घरांत येऊन पोंचली आहे. थोरल्या भावाचें जाकीट धाकट्यास सैल होतें, आणि मग कोणी सहज सुचवितो, “कढत पाण्यांत बुडवा, म्हणजे आटेल.” हा सल्ला अर्धा खरा आहे, व म्हणूनच अधिक घातक आहे. तो कोठें खरा व कोठें खोटा, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कातड्यांतील मुख्य द्रव्य म्हणजे कोलॅजन नांवाचें प्रथिन. त्याचे तीन धागे वेणीच्या पेडांप्रमाणें एकमेकांभोंवतीं वळलेले असतात. ही तिपेडी रचना जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनीं १९५४ सालीं मद्रास येथें संशोधन करून मांडली. कच्चें कातडें ओलें राहिलें तर कुजतें. म्हणून तें कमवावें लागतें. कोल्हापुरी चपलेचें कातडें बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावितात. जाकिटांचें मऊ चामडें बहुधा क्रोमियम धातूच्या क्षारांनीं कमावलेलें असतें.

आतां आटण्याचे दोन प्रकार ध्यानांत घ्यावे. पहिला उष्णतेचा. ओलें कातडें ठराविक उष्णमानास पोंचलें कीं तिपेडी वेणी उलगडते व तंतु आखडून गोळा होतात. कच्चें कातडें सुमारें ६० ते ६५ अंश सेंटिग्रेडला, साल-हिरड्याचें सुमारें ७० ते ८५ अंशांना आखडतें. उत्तम क्रोमचें चामडें मात्र उकळत्या पाण्यांतहि टिकतें. असें आखडलेलें कातडें पुनः पूर्ववत् होत नाहीं. कच्चें कातडें फार वेळ उकळलें तर त्याचा सरेसच होतो.

दुसरा प्रकार वाळण्याचा. ओल्या चामड्यांतील तंतु एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून तें मऊ होतें व द्यावा तो आकार घेतें. पाणी उडून जातांना तंतु जवळ ओढले जातात, आणि ज्या आकारांत तें वाळेल तो आकार बऱ्याच अंशीं कायम राहतो. तबल्यावर ओलें कातडें ताणून बसवितात व तें वाळतांना आणखी ताठ होतें. जोडे करणारा कारागीरहि ओलसर चामडें फर्म्यावर ओढून बसवितो. दोहोंच्या मुळाशीं हाच गुण आहे.

याचा पडताळा शाळेच्या प्रयोगशाळेंत, शिक्षकांच्या देखरेखीखालीं, पाहतां येईल. साल-हिरड्याच्या व क्रोमच्या चामड्याची प्रत्येकीं १० सेंटिमीटर लांबीची पट्टी घ्यावी. दोन्ही थंड पाण्यांत भिजवून मग पाणी हळूहळू तापवावें व उष्णतामापक पाहत राहावें. पहिली पट्टी पाणी उकळण्यापूर्वींच वळून आखूड होऊं लागेल. दुसरी चांगली कमावलेली असल्यास दोन-तीन मिनिटें उकळूनहि जवळजवळ तेवढीच राहील. चर्मालयांतून क्रोमच्या चामड्याची परीक्षा अशाच रीतीनें करितात.

यावरून उघड होतें कीं, कढत पाण्यानें क्रोमचें जाकीट अपेक्षेप्रमाणें आटणार नाहीं. उलट त्यांतील तेल निघून जाईल, रंग उतरेल, अस्तर निराळ्या प्रमाणांत आटेल व शिवणी चुण्या धरतील. चामडें दुसऱ्या जातीचें निघालें तर तें कायमचें बिघडेल.

मग करावें काय? प्रथम आंतील कोपऱ्यास पाण्याचा थेंब लावून रंग जातो काय तें पाहावें. नंतर कोमट, हातास सोसेल अशा पाण्यानें ओल्या फडक्यानें सर्व भाग सारखा भिजवावा. एकच जागा भिजविल्यास डाग पडतो. मग जाकीट अंगांत घालून कोपर, मनगट व कंबर येथें हातानें दाबून बसवावें. थोड्या वेळानें काढून बाह्यांत सुती कापड भरावें आणि सावलींत, वाऱ्यावर वाळूं द्यावें. ऊन व चूल दोन्ही वर्ज्य. किंचित् ओल असतांनाच चामड्याचें तेल बेतानें चोळावें, म्हणजे तंतु चिकटून ताठर होत नाहींत. लवदार, मखमली चामड्यास मात्र हा उपाय करूंच नये.

एवढ्यानें जाकीट अंगासरसें बसेल. तें एक मापानें लहान मात्र होणार नाहीं. खांदे रुंद असतील तर शिंप्याची सुईच खरी. वडील माणसांनीं कष्टानें मिळविलेली वस्तु ऐकीव उपायावर सोंपविण्यापूर्वीं तिचा गुणधर्म तुकड्यावर पाहून घ्यावा, एवढी सवय मुलांना लागली तर हा पाठ सफल झाला असें आम्ही समजूं.