शंका-समाधान : माहितीपत्रकावरची बोधचिन्हे

शंका : मुलीला सिव्हिलला प्रवेश मिळतोय. कॉलेजच्या माहितीपत्रकावर एआयसीटीई, एनबीए, आयएसटीई, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स अशी बोधचिन्हे आहेत. एवढ्या संस्था पाठीशी म्हटल्यावर निर्धास्त राहावे ना? – एक पालक, रेवस

समाधान : इतक्यात नको. एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता कॉलेजला घ्यावीच लागते. त्यात मिरवण्याजोगे काही नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (१९२०) ही अभियंत्यांची, आयएसटीई (१९६८) तंत्रशिक्षकांची संघटना. त्यांची विद्यार्थी शाखा कॉलेजात निघते. पुढे तिथे काही घडते की नुसते १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, हारतुरे, हे शाखा सांभाळणाऱ्या प्राध्यापकांवर.

एनबीएचे, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचे, चिन्ह मात्र नीट तपासा. हे मानांकन कॉलेजला नव्हे, एकेका अभ्यासक्रमाला मिळते, तेही मुदतीचे. मेकॅनिकलचे मानांकन सिव्हिलच्या कामाचे नाही. म्हणून विचारा : सिव्हिलला आहे का, कधीपर्यंत, आणि टिअर-१ की टिअर-२? २०१४ साली एनबीए वॉशिंग्टन कराराची पूर्ण सदस्य झाली. सदस्य संस्था एकमेकींनी मानांकित केलेल्या पदव्या समकक्ष मानतात, पण आपल्याकडे तो लाभ टिअर-१ पुरताच. संलग्न, स्वायत्त नसलेली कॉलेजे टिअर-२ मध्ये. इथे नोकरी करायची तर याने अडत नाही. परदेशात व्यावसायिक अभियंता म्हणून नोंदणी करताना अडू शकते.

आता संस्था ‘पाठीशी’ असण्याबद्दल. अमेरिकेत १९३२ साली सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, खाण व रसायन अभियंत्यांच्या संघटना, अध्यापकांची संघटना आणि परवाना मंडळे अशा सात संस्थांनी मिळून एक परिषद काढली. शिक्षण कसे तपासायचे हे पुढे तिनेच ठरवले. आजची ‘एबेट’ ती हीच. आपल्याकडे ही तपासणी १९९४ मध्ये एनबीएच्या रूपाने एआयसीटीईने उभी केली, आणि संघटना आपापल्या स्पर्धा नि प्रमाणपत्रे घेऊन वेगळ्या राहिल्या. माझ्या मते खरे नुकसान तिथे झाले.

कारण प्रत्यक्षातले प्रश्न एका विद्याशाखेत मावत नाहीत. तुमच्या रेवसच्या धक्क्याचेच घ्या. ओहोटीला गाळामुळे लाँचची अडचण होते. गाळ का साचतो हे प्रवाह मोजणारा सांगेल, तो उपसणारे यंत्र मेकॅनिकलवाल्याचे, आणि उपसलेला टाकायचा कुठे हा पर्यावरणाचा प्रश्न. तिन्ही विभागांच्या विद्यार्थी शाखांनी मिळून असा एखादा प्रकल्प कधी केला आहे का, हे प्रवेशाच्या दिवशी जरूर विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला तर बोधचिन्हांची किंमत तुम्हाला कळेल.

शंका : डिप्लोमा करून नोकरी करतो. एएमआयई (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा) करून पदवीची बरोबरी होईल का? – एक वाचक, उरण

समाधान : ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांनाच ती समकक्षता आहे. ज्ञानासाठी खुशाल करा. बढतीसाठी हवी असेल तर दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेऊन पदवी करा.

शंका : निवृत्त अभियंता आहे. कॉलेजांना उपयोगी पडायचे तर सुरुवात कुठून करू? – एक वाचक, अलिबाग

समाधान : भाषणाचे आमंत्रण मागू नका, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाकडे जा. स्वायत्त कॉलेजात त्यावर उद्योगक्षेत्राचा प्रतिनिधी घ्यावाच लागतो, आणि ही जागा बहुधा ओळखीपाळखीने भरतात. विभागप्रमुखांना लिहिताना पदांची यादी न देता, आजच्या अभ्यासक्रमातले काय तुम्हाला साइटवर कधीच लागले नाही आणि काय लागले पण शिकवले नव्हते, एवढेच पानभर लिहा.