पडद्यावर धावतो कोण?

सिनेमात धावणारा घोडा तुम्ही पाहिला असेल. खरे तर पडद्यावर काहीच धावत नाही! फिल्मच्या पट्टीवर फक्त स्थिर चित्रे असतात. बोलपटात अशी २४ चित्रे एका सेकंदात पडद्यावर येतात. एक चित्र जाऊन दुसरे येईपर्यंत पडद्यावर क्षणभर अंधार असतो, पण तो आपल्या लक्षातही येत नाही. डोळे चित्रे पाहतात. मेंदू आधीचे चित्र पुढच्याशी जोडतो आणि आपल्याला घोडा धावताना दिसतो.

चित्रे हलतात तरी कशी, या कुतूहलाने कोल्हापूरच्या एका चित्रकाराला स्वस्थ बसू दिले नाही. ते म्हणजे बाबूराव पेंटर. तेव्हा कॅमेरे परदेशातून येत. बाबूरावांनी सहकाऱ्यांच्या मदतीने कोल्हापुरातच स्वतःचा कॅमेरा तयार केला. केवढी ही जिद्द! त्यांचा 'सैरंध्री' हा मूकपट १९२० साली लोकांसमोर आला.

तुम्हीही एक गंमत करा. जुन्या वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पक्षी काढा. दर पानावर त्याचे पंख थोडे वर किंवा खाली दाखवा. आता पाने अंगठ्याने भराभर सोडा. पक्षी उडू लागेल. मग पाने सावकाश सोडून पाहा. पक्षी उडायचा केव्हा थांबतो?