अन्नाची राखण कोणाकडे? : कोणत्या कामासाठी कोणते कार्यालय



ऊस नोंदीसाठी गावोगाव फिरताना हल्ली उसापेक्षा दुसरेच प्रश्न जास्त विचारले जातात. दुधात भेसळ निघाली तर तक्रार कुठे द्यायची? गुळाच्या खोक्यावर चौदा आकडी नंबर छापायला सांगतात, तो कसला? मुलगा पुण्यात शिकायला आहे, मेसचं खाऊन आजारी पडला, तर महापालिकेत जायचं की पोलिसात? प्रश्न साधे आहेत, पण उत्तर एका कार्यालयात मिळत नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात आणि मग माणूस चिडतो.

याचे कारण असे की, आपल्याकडे अन्नाची राखण एका खात्याकडे दिलेली नाही. ती कालव्याच्या पाण्यासारखी वाटलेली आहे. धरण आणि मुख्य कालवा पाटबंधारे खात्याचा, चारीवर पाणीवाटप संस्था, आणि शेतातला पाट आपला. प्रत्येकाने आपला तुकडा नीट सांभाळला तर टेलपर्यंत पाणी पोहोचते. पण गळती होते ती बहुधा जोडावर, जिथे एकाची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते. अन्नाचेही तसेच आहे. पुण्यातलेच उदाहरण घेऊ.

सिंहगड रस्त्यावरचे पाणी

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत गुलियन बारे सिंड्रोम नावाच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. सहसा आधी जुलाब, उलटी होऊन जाते आणि काही दिवसांनी हातापायांतील शक्ती जाऊ लागते. पोटातल्या जंतूंशी लढणारी शरीराची ताकदच चुकून आपल्या नसांवर उलटते. काही रुग्णांना श्वासासाठी यंत्रावर ठेवावे लागले, काही दगावले. राज्यात संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली.

आता यात किती खाती आली ते पाहा. रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले राष्ट्रीय विषाणू संस्थेने. ही पुण्यातलीच, पण केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची. त्यात काहींमध्ये कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि अर्धकच्च्या कोंबडीतून पोटात जातो. नांदेड गावातल्या मोठ्या विहिरीचे पाणी फक्त क्लोरीन टाकून पुरवले जात होते. विहीर महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे. हॉटेलातले चिकन आले अन्न व औषध प्रशासनाकडे, तर कोंबड्यांचे फार्म पशुसंवर्धन खात्याकडे. घरोघर पाहणी महापालिका, जिल्हा परिषद आणि राज्याच्या आरोग्य खात्याने मिळून केली. शिवाय केंद्राचे पथक येऊन गेले.

एवढी सगळी मंडळी असून एक वस्तू मात्र मधल्या मध्ये राहिली होती. ती म्हणजे थंड पाण्याचा सुटा जार. सील केलेली पाण्याची बाटली कायद्याने 'अन्न' आहे, तिला परवाना लागतो. नळाचे पाणी महापालिकेचे. पण गल्लीतल्या आर.ओ. प्रकल्पात भरलेला, वर नुसते झाकण दाबलेला वीस लिटरचा जार हा ना बाटलीत बसत होता ना नळात. लग्नाला, ऑफिसला, खानावळीला तेच पाणी जात होते. साथ आल्यावर महापालिकेने त्या भागातले अनेक खासगी प्रकल्प सील केले आणि पुढे त्यांच्यासाठी नियम करायला घेतले.

त्यात ही गावे 2017 आणि 2021 साली टप्प्याटप्प्याने महापालिकेत आलेली. ग्रामपंचायत गेली आणि महापालिकेचे जलशुद्धीकरण अजून पोहोचले नाही, अशी मधली अवस्था. आपल्या कार्यक्षेत्रातील जी गावे उद्या शहरात जाणार आहेत, त्यांनी ही गोष्ट रस्त्याच्या मागणीइतकीच लावून धरावी असे माझे मत आहे.

कायदा एक, अंमल अनेकांचा

पूर्वी अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता, 1954 सालचा. त्याच्या जोडीला फळांच्या पदार्थांसाठी 1955 चा आदेश, मांसासाठी 1973 चा, दुधासाठी 1992 चा, तेलासाठी आणखी निराळे. मंत्रालये वेगळी, निरीक्षकही वेगळे. हे सगळे एकत्र करून अन्न सुरक्षा व मानके अधिनियम 2006 साली झाला आणि 5 ऑगस्ट 2011 पासून प्रत्यक्ष लागू झाला.

या कायद्याने भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, उभे राहिले. ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाखाली आहे. कोणत्या पदार्थात काय किती चालेल हे ते ठरवते. बंदरावर आयात मालही तेच तपासते. पण आपल्या तालुक्यात येऊन नमुना घेणारा अन्न सुरक्षा अधिकारी असतो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा. थोडक्यात, माप दिल्लीचे, मोजणारा महाराष्ट्राचा.

आपल्या कारखान्याचेच बघा. गाळप परवाना आणि एफआरपी ही बाजू साखर आयुक्तालयाची, शिवाजीनगरच्या साखर संकुलातली. साखरेचा दाणा एस की एम, ते नमुने कानपूरची राष्ट्रीय साखर संस्था ठरवते. खाण्याची वस्तू म्हणून साखर शुद्ध असावी ही बाजू एफएसएसएआयची. आणि पोत्यात 50 किलो म्हटले तर 50 भरले का, हे वैधमापन खाते बघते. एका पोत्यावर चार खात्यांची नजर असते, पण प्रत्येकाची नजर वेगळ्या गोष्टीवर.

फडात काय, गुऱ्हाळात काय

शेतकऱ्याला या कायद्याने मोकळे ठेवले आहे. कलम 18 मध्ये स्पष्ट आहे की, शेतकरी, त्याची शेती, पीक आणि शेतावर तयार झालेला शेतमाल यांना हा कायदा लागू नाही. म्हणून उसाच्या मोळीला कोणी परवाना मागत नाही.

पण म्हणून फडात काहीही मारावे असे नाही. तिथे 1968 चा कीटकनाशक कायदा आहे. कोणते औषध कोणत्या पिकाला, किती मात्रेत, हे केंद्राची नोंदणी समिती ठरवते. दुकानदाराचा परवाना व औषधाचा दर्जा राज्याच्या कृषी खात्याचे गुणनियंत्रण निरीक्षक पाहतात. आणि खाण्याच्या वस्तूत त्या औषधाचा अंश किती उरलेला चालेल, ते पुन्हा एफएसएसएआय. फोरेट, म्हणजे आपले थिमेट, 31 डिसेंबर 2020 पासून बंद झाले आहे. तरी अजून एखाद्या कोपऱ्यातल्या डब्यातून ते निघते. कृपया वापरू नये. उसाचे वाढे आपण गुरांना घालतो, गुरांचे दूध डेअरीला जाते आणि डेअरीत गेलेले दूध 'अन्न' असते. फडातली चूक अशी फिरून दुसऱ्या खात्याच्या दारात उभी राहते.

द्राक्षवाल्यांनी याचा फटका 2010 साली सोसला. वाढ रोखण्याचे क्लोरमेक्वाट हे संजीवक बागांना मारले होते. युरोपात त्याचा अंश सापडला आणि कंटेनर अडकले. माल चांगला, चवीला चांगला, पण तपासणीच्या यादीत ते रसायन आपल्याकडे कोणी धरलेच नव्हते. म्हणजे पुन्हा जोडावरची गळती. आज निर्यातीच्या बागेची नोंद कृषी खाते करते, निर्यातीची व्यवस्था अपेडा पाहते आणि अंश तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आपल्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात आहे. मार खाल्ला, पण तिघे मिळून व्यवस्था बसली.

आता गुऱ्हाळाकडे येतो. आपल्यातले बरेच सभासद स्वतःचे गुऱ्हाळ चालवतात किंवा भाड्याने देतात, आणि घोटाळा होतो तो इथेच. ऊस चरकात गेला आणि रस कढईत पडला की कायद्याच्या दृष्टीने तुम्ही शेतकरी राहत नाही, अन्नपदार्थाचे उत्पादक होता. लहान गुऱ्हाळाला नोंदणी, मोठ्याला परवाना. "माझ्याच शेतातला ऊस आहे" हे उत्तर तिथे चालत नाही.

गुळासाठी ठरलेले मापही माहीत असू द्या. कोरड्या वजनावर एकूण शर्करा 90 टक्क्यांपेक्षा कमी नको, त्यात सुक्रोज 60 च्या खाली नको. ढेपेच्या गुळात ओलावा 10 टक्क्यांच्या वर नको. कृत्रिम रंग चालत नाही. सोडा वापरलाच तर तो खाण्याच्या दर्जाचा पाहिजे.

दौंड तालुक्यात गुऱ्हाळांवर अन्न व औषध प्रशासनाने गेल्या काही वर्षांत छापे घातले आणि गुळात मिसळायला आणलेली साखर पोत्यांनी जप्त केली. यात एक गंमत आहे. गुळात मुळातच सुक्रोज असते, त्यामुळे तयार ढेपेत घातलेली साखर ओळखणे सोपे नाही. म्हणून अधिकारी गुऱ्हाळावरच पोती पाहतात. साखर कारखान्याचा माणूस असून सांगतो, साखर ही गुळात घालण्यासाठी तयार होत नाही!

लोक हे करतात कशाला? बाजाराला पिवळाधमक गूळ हवा म्हणून. अडत्या रंगावर भाव काढतो, आणि मग हायड्रॉसची पुडी फुटते. पण गुळाचा रंग कढईत बिघडत नाही, तो बराचसा फडात ठरतो. खारवट जमीन, नत्राची उशिरा आणि जादा मात्रा, कोवळा किंवा लोळलेला ऊस, तोडून दोन दोन दिवस पडलेल्या मोळ्या, यांनी रस काळपट निघतो आणि गूळ पाणी धरतो. को 92005 सारखी गुळाला चालणारी जात, पूर्ण पक्व ऊस, तोडल्याबरोबर गाळप, आणि मळी काढायला भेंडीचे पाणी, एवढे सांभाळले तर पुडीची गरज पडत नाही. रंग थोडा तांबूस राहील, राहू द्या. तांबूस गूळ मागणारी गिऱ्हाइके आता पुण्यात भरपूर आहेत.

तो चौदा आकडी नंबर

पाकिटावर जो नंबर असतो त्याचा पहिला आकडा 1 असेल तर परवाना, 2 असेल तर नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 15. केंद्राकडून परवाना असेल तर सुरुवात 100 ने होते. त्यानंतरचे दोन आकडे वर्षाचे. म्हणजे 215 ने सुरू होणारा नंबर दिसला तर तो महाराष्ट्रातल्या लहान उत्पादकाची नोंदणी समजावा. किराणा घेताना एकदा बघायची सवय करा, पोरंसुद्धा वाचून दाखवतील. मात्र नंबर असणे म्हणजे माल तपासून पास झाला असे नव्हे. उत्पादक कोण आणि सापडायचा कुठे, एवढेच त्यातून कळते.

नमुना घेतला तर

अधिकाऱ्याने नमुना घेतला की तो चार भागांत सीलबंद होतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखून, आणि चौथा तुम्ही मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. ही मागणी त्याच वेळी करावी, नंतर उपयोग नाही. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल मान्य नसेल तर 30 दिवसांच्या आत अपील करता येते आणि राखलेला भाग संदर्भ प्रयोगशाळेकडे जातो.

प्रयोगशाळेला एवढे महत्त्व का, ते 2015 च्या मॅगी प्रकरणाने सगळ्या देशाला दाखवले. उत्तर प्रदेशात बाराबंकीला घेतलेला नमुना गोरखपूरला तपासला गेला, मग कोलकात्याच्या प्रयोगशाळेत. तिथे शिसे मर्यादेच्या कितीतरी वर सांगितले गेले. 5 जून 2015 रोजी एफएसएसएआयने देशभर बंदी घातली, महाराष्ट्रानेही घातली. गोव्याच्या तपासणीत मात्र माल ठीक निघाला. 13 ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीचे म्हणणे नीट ऐकले नव्हते, आणि ज्या प्रयोगशाळांचे अहवाल धरले त्यांना कायद्याने लागणारी मान्यता नव्हती. पुन्हा मोहाली, जयपूर, हैदराबाद येथे तपासले, तेव्हा शिसे मर्यादेत निघाले. एवढ्या मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज होती. गुऱ्हाळवाल्याकडे फक्त तो चौथा भाग आणि 30 दिवसांची मुदत आहे, म्हणून ही मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

कमी दर्जाच्या मालाला पाच लाखांपर्यंत, लेबल खोटे असल्यास तीन लाखांपर्यंत दंड आहे. माल जिवाला अपायकारक ठरला तर प्रकरण दंडावर थांबत नाही, तुरुंगापर्यंत जाते.

दुधाचे मात्र जरा वेगळे झाले आहे. एकट्या खात्याने भेसळ हटत नाही हे पाहून शासनाने 2023 साली जिल्हावार समित्या केल्या. अध्यक्ष अपर जिल्हाधिकारी. सोबत पोलीस, अन्न व औषध प्रशासन, वैधमापन आणि दुग्धविकास खाते. फॅट मोजण्यात गडबड, वजनात मारणे आणि भेसळ या तिन्ही तक्रारी एकाच ठिकाणी देता याव्यात असा त्याचा उपयोग आहे. संकलन केंद्राविषयी तक्रार असलेल्यांनी तिकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी.

हॉटेल, मेस, मिठाई, गूळ, तेल यांची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, टोल फ्री 1800222365 वर. बिल आणि उरलेला पदार्थ जपून ठेवावा. वजन-मापाची तक्रार वैधमापनकडे. नळाच्या आणि विहिरीच्या पाण्याची गावात ग्रामपंचायतीकडे, शहरात महापालिकेकडे. कीटकनाशकाचा संशय आल्यास तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. रिकामी बाटली आणि पावती टाकू नये.

गुऱ्हाळ चालवणाऱ्या ज्या सभासदांची नोंदणी राहिली असेल, त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी आधार कार्ड, फोटो, जागेचा उतारा किंवा भाडेकरार घेऊन आपापल्या गट कार्यालयात यावे. अर्ज ऑनलाइन असतो, तो भरायला आमचे कर्मचारी मदत करतील. भाड्याने गुऱ्हाळ दिले असेल तर नोंदणी कोणाच्या नावाने करायची ते करार करतानाच लिहून घ्यावे.