दान, दासोह आणि लक्कम्मांचे तांदूळ



जत्रेच्या महाप्रसादासाठी आपण पोतेभर तांदूळ देतो, पावती घेतो आणि मंडपात जाऊन बसतो. ध्वनिक्षेपकावरून देणगीदारांची नावे सुरू झाली की कान आपोआप तिकडे लागतात. आपले नाव राहून गेले तर मनाला टोचते. प्रस्तुत लेखकालाही ते एकदा टोचले आहे. नाही म्हणण्यात अर्थ नाही. मग शंका येते, हे देणे जंगमासाठी होते की नावासाठी? बरे, नाव न सांगता दिले, तरी मनाला समाधान वाटतेच. तोही एक लाभच नव्हे काय? मग निःस्वार्थ दान म्हणून काही असते तरी का?

आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील उदाहरण घ्या. शिरसंगीचे लिंगराज देसाई १९०६ साली लिंगैक्य झाले. आपली मोठी इस्टेट त्यांनी समाजातील मुलांच्या शिक्षणासाठी लिहून ठेवली. पुढे १९३३ साली के. एल. ई. संस्थेने बेळगावात काढलेल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव मिळाले. कोणी म्हणेल, नाव मागे राहावे म्हणून दिले. कोणी म्हणेल, आपल्याच समाजाला दिले, त्यात परोपकार कसला? दुसरा आक्षेप पहिल्याहून जड आहे, हे मान्य केले पाहिजे. पण देणाऱ्याचे मन उकरून पाहण्याची सोय आपल्यापाशी नाही, आणि शरणांनी ती मागितलीही नाही.

शरणांनी शब्दच बदलला. दानात देणारा उभा असतो आणि घेणाऱ्याचा हात खाली असतो. दासोहात देणारा दास होतो. आहे ते मुळात शिवाचे, आपण ते फक्त पोचते करायचे. 'मी केले' हा भाव शिरला की केलेले वाया जाते, असा इशारा बसवण्णांनी भक्तांना दिला तो याचसाठी. समाधान वाटणे हा त्यांच्या लेखी दोष नाही. पंगत जेवताना पाहून ज्याला आनंद होत नाही, त्याच्या हातचे कोण जेवेल?

दोष शोधायचा कुठे, हे आयदक्की लक्कम्मांनी दाखवले. पती मारय्या कल्याणात बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत. त्या तांदळावर घरी जंगमांचा दासोह चाले. एके दिवशी मारय्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मांनी पतीला हावेबद्दल सुनावले आणि जादा तांदूळ होते तिथे परत टाकून यायला सांगितले.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. ते तांदूळ घरात साठणार नव्हते, जंगमांच्याच पानात पडणार होते. हेतू शुद्ध होता. तरीही लक्कम्मांनी ते नाकारले. तांदूळ कोणाला द्यायचे हे त्यांनी विचारले नाही, ते आले कसे हे विचारले. कायकाच्या मापाबाहेरचे आले की देण्याच्या निमित्ताने संग्रहाची सवय लागते. मग दान हे संग्रहाला मिळालेले मोठे सोयीचे कारण ठरते. आपला स्वार्थ बहुधा याच दाराने आत येतो. नावाची हाव त्यामानाने बापडी उघडीवाघडी असते, चटकन दिसते.

या दृष्टीने देसाईंकडे पुन्हा पाहा. वतनाची जमीन कसली कोणी? कुळांनीच. तेव्हा ती इस्टेट मुलांच्या शिक्षणाला लागली, याला 'दिली' म्हणण्यापेक्षा 'परत गेली' म्हणणे अधिक योग्य होईल. त्याने देसाईंचा मोठेपणा तसूभरही कमी होत नाही. मरणाच्या दारी का होईना, इतके परत करणारे थोडेच असतात.

आता आपले बोरगाव. इथे ऊस आहे, तंबाखू आहे. निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत बायांचा जन्म गेला. जत्रेला अकराशेची पावती फाडणाऱ्याने आदल्या शनिवारी मजुरीतून दहा-वीस कापून घेतले असतील, तर ती पावती कोणाच्या नावे लिहायची? हा प्रश्न स्वामीजी विचारणार नाहीत, ध्वनिक्षेपकही विचारणार नाही. घरात एखादी लक्कम्मा असेल तर ती विचारील. आणि जादा तांदळात आणखी चार जंगम जेवले असते, हे त्या माउलीला कळत नव्हते असे थोडेच आहे?