सपाट आणि समपातळ

एखाद्या शेतकऱ्यास 'तुमचे शेत कसे आहे?' असे विचारले असता 'तळहातासारखे सपाट' असे उत्तर पुष्कळदा मिळते. त्याच शेतात पावसाळ्यात पाणी एका कोपऱ्याकडे धाव घेते आणि तेथील बांध दरसाल फुटतो. ह्यात शेतकरी खोटे बोलतो असे नाही. शब्द अपुरा पडतो. ज्यास उंचवटे-खळगे नाहीत ते सपाट. उतरती ठेवलेली फळीसुद्धा सपाटच असते. परंतु जेथील पाणी कोणत्याच बाजूस वाहत नाही ते समपातळ, किंवा शास्त्राच्या भाषेत क्षितिजसमांतर होय. ह्या दोन अर्थांची गल्लत झाल्याने बांधबंदिस्ती, मोजणी व विहिरीचे खोदकाम ह्यांत पैसा वाया जातो. म्हणून ह्या शब्दांचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा भेद घर बांधणाऱ्यास शिकवावा लागत नाही. भिंत उभी आहे की नाही हे तो ओळंब्याने पाहतो आणि जोते आडवे आहे की नाही हे पाणसळीने. उंबरठा, चौकटीची गणेशपट्टी, तुळई, तिच्यावरील कड्या, माथ्यावरचे आढे ही सर्व घरातील आडवी मंडळी. वासे मात्र तिरपे. धाब्याचे घर पाहावे: धाबे सपाट दिसते, पण पाणी पन्हळाकडे जावे म्हणून त्यास बेताचा ढाळ दिलेला असतो. ते समपातळ केले तर घर गळेल. म्हणजे कोठे पाणसळ राखावयाची आणि कोठे ती मोडावयाची हे कारागीर पक्के जाणतो.

शेताच्या बांधास हेच लागू आहे. समान उंचीचे बिंदू जोडीत गेल्यास जी रेषा निघते तिला समपातळी रेषा म्हणतात. ती सरळ नसते. टेकाडाला वळसा घालते, ओघळीशी आत शिरते. दोन हद्दीचे दगड दोरीने जोडून घातलेला बांध दिसावयास नीटस असतो, परंतु वाटेत खोलगट जागा आली की सगळे पाणी तेथे जमते. बांधाचा माथा एका ठिकाणी नुसता सहा इंच खाली राहिला तरी साठलेले पाणी तेथूनच बाहेर पडू लागते, आणि एकदा पडू लागले म्हणजे खिंडार होण्यास वेळ लागत नाही. मुंबई प्रांतात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला, त्यात बांधबंदिस्तीच्या कामांस स्थान मिळाले. समपातळी रेषा काढण्यास आज महाग यंत्राची गरज नाही. पारदर्शक नळीत पाणी भरावे, तिची दोन टोके सारख्या खुणा केलेल्या दोन काठ्यांना बांधावी. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच खुणेशी आले की त्या दोन जागा समपातळीत आहेत असे समजावे. नळीत बुडबुडा राहू देऊ नये, नाहीतर माप फसते. खोल काळ्या जमिनीत मात्र अगदी समपातळीत घातलेल्या बांधामागे पाणी तुंबून पिकास अपाय होतो. तेथे ढाळीचे बांध घालून जादा पाणी गवत राखलेल्या ओघळीत सोडणे बरे.

मोजणीत ह्या शब्दाला आणखी एक महत्त्व आहे. उताऱ्यावर लिहिलेले क्षेत्र हे क्षितिजसमांतर मोजलेले असते. चढावर साखळी आडवी धरून, टप्प्याटप्प्याने मोजावयाची असते. जमिनीवर दोरी टाकून मोजले तर माप जास्त भरते. दहा फुटांत एक फूट चढ असल्यास शंभर फुटांमागे फरक जेमतेम अर्धा फूट. पाचात एक असल्यास सुमारे दोन फूट. तिनात एक असल्यास पाच फुटांहून अधिक. म्हणजे पाचात एक चढाच्या एका एकराचे दोरीने चाळीसऐवजी जवळजवळ पावणेएकेचाळीस गुंठे होतात. भावाभावांच्या वाटणीत एकाकडे उतार आणि दुसऱ्याकडे सखल भाग आला, म्हणजे ह्या पाऊण गुंठ्यावरून कचेरीचे उंबरठे झिजविले जातात. त्यात कोणी कोणाचे लुबाडलेले नसते.

आता जमिनीच्या पोटातील आडव्या वस्तू. गाळ पाण्यात बसतो तो मुळात आडव्या थरांनी, हा नियम स्टेनो ह्या डॅनिश विद्वानाने १६६९ साली मांडला. आपल्या दख्खनचा काळा पाषाण गाळाचा नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरून तो झाला. तरी त्याचेही थर बहुतांशी आडवेच आहेत. सह्याद्रीच्या कड्यांना पायऱ्या दिसतात त्या ह्यामुळे, आणि 'ट्रॅप' हे नावही जिन्याच्या स्वीडिश शब्दावरून आले. थरांमध्ये आडवा शिरून थिजलेल्या पाषाणपट्टास इंग्रज भूशास्त्रज्ञ 'सिल' म्हणतात. हाच शब्द इंग्रजीत उंबरठ्यासही आहे. उत्तर इंग्लंडातील खाणकामगार तो आडव्या दगडी थरासाठी बोलत, तेथून तो शास्त्रात गेला.

लाव्ह्याच्या एका थराचा वरचा भाग बहुधा सच्छिद्र व कुजका, खालचा घट्ट असतो. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. पाणी सच्छिद्र भागात व भेगांत मिळते. घट्ट पाषाणात भेग नसेल तर सुरुंगाचा खर्च व्यर्थ. म्हणून शेजाऱ्याच्या विहिरीस चाळीस फुटांवर पाणी लागले, एवढ्यावरून आपणही चाळीस फूट खोदणे चुकीचे आहे. आपली जमीन त्याच्याहून पंधरा फूट उंच असेल तर तोच थर आपल्याकडे पंचावन्न फुटांवर येईल. तेव्हा दोन्ही जागांच्या उंचीतील फरक आधी त्याच नळीने, टप्प्याटप्प्याने काढावा.

हा हिशेब थर आडवे असतील तोवरच चालतो. पनवेलच्या बाजूस थर पश्चिमेकडे कललेले आहेत. तेथे कलाची दिशा व प्रमाण पाहिल्यावाचून अंदाज करू नये. शिवाय भूजलाची 'पातळी' हा शब्दही फसवा आहे. जमिनीखालील पाणी तळ्यासारखे आडवे नसते. ते भूपृष्ठाच्या चढउतारास काहीसे अनुसरून ओढ्याकडे उतरत जाते. ओढ्याकाठच्या विहिरीस पाणी उथळ लागते आणि माथ्यावरच्या विहिरीस खोल, पण दोहोंतील फरक जमिनीच्या चढाइतका क्वचितच भरतो.