चाकूचे पोलाद कसे पारखावे?

शिबिराचे सामान जमवताना पालक विचारतात, ‘घडीचा चाकू कोणता घ्यावा?’ दुकानात गेलात तर पात्यावर ४२०, ४४०-सी, डी-२ असे काहीतरी कोरलेले दिसते. दुकानदार म्हणतो, महागातला घ्या, धार जाणारच नाही. धार न जाणारे पोलाद अजून कोणी बनवलेले नाही. पोलादाचा एक गुण वाढवला की दुसरा थोडा सोडावा लागतो. तेव्हा काय मिळते आहे आणि काय सुटते आहे, हे समजून चाकू निवडावा.

याचे जुने आणि आपल्याला जवळचे उदाहरण आहे. १७९४ साली मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे हिंदुस्थानी पोलादाचे नमुने पाठवले. तिकडे त्याला ‘वूट्झ’ म्हणू लागले. बहुतेक अभ्यासक हा शब्द कन्नड ‘उक्कु’ म्हणजे पोलाद यावरून आलेला मानतात. बंगळुरूच्या तुमच्या मित्रांना विचारा, हा शब्द त्यांच्या घरात आजही आहे. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी या पोलादावर निबंध वाचला आणि शीर्षकात ते ‘मुंबईत तयार झालेले’ असे लिहून टाकले! मुंबई हे फक्त पाठवण्याचे बंदर. हे पोलाद दक्षिणेतले लोहार मातीच्या बंद मुशीत लोखंडाबरोबर लाकूड आणि पाने घालून, तासन्‌तास भट्टीत ठेवून काढत. म्हैसूर राज्यातील अशी कृती फ्रान्सिस बुकानन यांनी १८००-०१ च्या प्रवासात पाहून लिहून ठेवली आहे.

बँक्स यांच्या सांगण्यावरून लंडनचे कारागीर जेम्स स्टोडार्ट यांनी त्या पोलादाचा एक पेनकाईफ घडवला. पेनकाईफ म्हणजे पिसाची लेखणी तासायचा चाकू. आपल्याकडे बोरू तासायला असे, तसाच. घडवताना फार त्रास झाला. ऐरणीवर हे पोलाद जेमतेम अंधारात दिसेल इतकेच लाल ठेवून ठोकावे लागले. पण धार उत्तम पोलादाच्या तोडीची निघाली. पुढे स्टोडार्ट आपल्या जाहिरातीत हे हिंदुस्थानी पोलाद युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा आपल्याला अधिक पसंत असल्याचे छापू लागले, आणि १८२० च्या सुमारास तरुण मायकेल फॅरडेबरोबर त्यांनी त्याचा अभ्यासही केला.

त्रास आणि धार, दोन्हींचे कारण एकच होते : कार्बन. उक्कुमध्ये तो साधारण दीड टक्का असतो. कार्बन वाढला की पोलाद कठीण होते आणि धार टिकते. पण ते ठिसूळही होते आणि घडवायला हट्टी. आजच्या पात्यांनाही हाच हिशेब लागू आहे. ४२० जातीच्या स्वस्त पात्यांत कार्बन बहुधा अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणून ती वाकतील पण सहसा तुटणार नाहीत. धार मात्र लवकर बसते. ४४०-सी मध्ये तो सुमारे एक टक्का, डी-२ मध्ये दीड. ज्या पात्यावर नुसतेच ‘४४०’ लिहिलेले असते तेथे जपून, कारण त्याचे ए, बी, सी असे तीन प्रकार आहेत आणि ए मध्ये कार्बन बराच कमी असतो.

दुसरा घटक क्रोमियम. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी क्रोमियम घातलेले न गंजणारे पोलाद केले, तेव्हापासून चाकूचे जगच बदलले. साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असले की पोलाद ‘स्टेनलेस’ समजले जाते. डी-२ मध्ये ते बारा टक्के असूनही पावसाळ्यात त्यावर डाग पडतात, कारण बरेचसे क्रोमियम कार्बनशी बांधले जाते आणि गंजाशी लढायला थोडेच उरते. साधे कार्बन-पोलाद तर आजीच्या विळीसारखे : कैरी चिरली की काळे. पण त्याला धार चटकन लागते. पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवलात तर ते वर्षानुवर्षे साथ देते.

पालकांपैकी काही जण लोहचुंबक लावून पाहतात आणि पाते चिकटले की ‘हे स्टेनलेस नव्हे’ म्हणतात. ही परीक्षा चाकूला चालत नाही. कठीण करता येणारे स्टेनलेस पोलाद चुंबकाला चिकटतेच.

आणि नावाइतकेच महत्त्वाचे आहे ते पाणी. लोहार म्हणतो ‘पात्याला पाणी दिले’, ते हेच. तापवलेले पाते झटकन थंड केले की ते काचेसारखे होते. मग पुन्हा मंद तापवून त्यातला ठिसूळपणा काढतात. हे नीट झाले नाही, तर ४४०-सी वाईट आणि झाले, तर साधे पोलाद चांगले. म्हणून नावाबरोबर रॉकवेल कठीणपणाचा आकडा दिला आहे का, ते पाहा. स्विस सैनिकी चाकूसाठी प्रसिद्ध असलेल्या व्हिक्टोरिनॉक्सची पाती साधारण ५६ च्या आसपास असतात. कंपनीच्या नावातले ‘इनॉक्स’ म्हणजे न गंजणारे. ते १९२१ मध्ये जोडले गेले.

कॅडेटसाठी माझे मत सरळ आहे : ५५ ते ५८ कठीणपणाचे साधे स्टेनलेस पाते घ्या. शिबिरात दोरी कापणे, फळ चिरणे, नकाशावाचनासाठी पेन्सिल तासणे एवढेच काम असते, आणि सह्याद्रीत जून-जुलैत सगळे ओले. डी-२ सारख्या पात्याला धार लावायला वेळ आणि चांगला दगड लागतो. शिबिरात दोन्ही नसतात. मऊ पात्याला दुहेरी कारबोरंडम दगडावर प्रत्येक बाजूला साधारण वीस अंशांच्या कोनात थोडा वेळ घासले की काम होते. खरखरीत बाजूने सुरुवात करावी, बारीक बाजूने संपवावे. वर्तमानपत्राचा कागद न अडखळता कापला गेला की पुरे. पाते पहारीसारखे वापरून डबा उघडणे मात्र कोणत्याच पोलादाला मानवत नाही. तुटलेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

चाकू बाळगण्याआधी प्रशिक्षकांची परवानगी घ्यावी. सुट्टीत विमानाने घरी जाणाऱ्यांनी तो हातातल्या पिशवीत ठेवू नये. सुरक्षा तपासणीत तो काढून घेतला जातो. तो मोठ्या सामानात, पाते मिटून, कापडात गुंडाळून द्यावा.