अभ्यास लेख : मंडळीसाठी गीतांचा अल्बम कसा पारखावा?

वाचन : कलस्सैकरांस पत्र 3:12-17, 1 करिंथ 14:13-19, प्रेषितांची कृत्ये 16:22-25



नाताळ जवळ आला की आपल्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. "पाड्यावरच्या मंडळ्यांना यंदा गाण्यांचा कोणता अल्बम पाठवू?" पूर्वी कॅसेट यायच्या, मग सीडी आल्या, आता पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड येतात. देणाऱ्यांचे मन मोठे असते. आलेली गाणी ऐकून त्यांतली कोणती पुढे पाठवावीत हे ठरवण्याचे काम गेली बरीच वर्षे माझ्याकडे आहे. मी संगीताचा जाणकार नाही. उपासनेत पेटी वाजवतो, एवढेच. तरी या कामात जे शिकलो ते या अंकात आपल्यापुढे ठेवतो. सुरुवात माझ्या चुकीपासून करणे बरे.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी नवापूर तालुक्यातील एका लहान मंडळीला मी चार्जिंगचा एक स्पीकर आणि चाळीस गाण्यांचे मेमरी कार्ड दिले. गाणी मीच निवडली होती. शब्द चांगले होते, गायक कसलेले होते, ध्वनिमुद्रण स्वच्छ होते. तरुणांना फार आनंद झाला. पुढच्या भेटीत पाहिले तर उपासनेची वेळ झाली की स्पीकर सुरू व्हायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. ओठ हलत होते, पण आवाज पेटीतून येत होता. मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट, मंडळीची प्रगती झाली असेच मी अहवालात लिहिले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी तिथे असताना एका घरातले दोन वर्षांचे मूल तापाने गेले. दोन दिवस वीज नव्हती. रात्री त्या घरात सगळी मंडळी जमली. पाळकांनी प्रार्थना केली आणि एखादे गीत सुरू करायला सांगितले. स्पीकर बंद होता. एका तरुणाने नव्या गाण्याची पहिली ओळ म्हटली, दुसऱ्या ओळीला तो थांबला. दुसऱ्याने दुसरे गाणे धरले, तेही तिथेच संपले. शिवाय ती सगळी विजयाची, नाचण्याची गाणी होती. त्या आईपुढे ती म्हणणार कशी?

मग मागे भिंतीशी बसलेल्या एका आजींनी हळू आवाजात जुने भजन धरले. स्पीकर येण्याआधी दर रविवारी त्याच गीत सुरू करत असत. स्पीकर आल्यापासून त्यांना कोणी सांगितले नव्हते. चाळिशीच्या पुढचे सगळे त्यांच्याबरोबर गाऊ लागले. तरुण मुले मान खाली घालून बसली होती, कारण त्यांना ते येत नव्हते. त्या मुलांचा दोष नव्हता. दोष माझा होता. मी मंडळीला चाळीस गाणी दिली आणि तिच्या तोंडातले गाणे काढून घेतले.

त्या रात्रीपासून अल्बम ऐकताना मी आधी एकच प्रश्न विचारतो : हा अल्बम बंद केल्यावर मंडळीच्या तोंडी काय राहील?

शास्त्र काय शिकवते

कलस्सैकरांस लिहिताना पौल सांगतो की ख्रिस्ताचे वचन आपल्यामध्ये भरपूर राहावे, आणि स्तोत्रे व गीते गाऊन आपण एकमेकांना शिकवावे, बोध करावा. 'एकमेकांना' हा शब्द लक्षात घ्या. गाणारा एक आणि ऐकणारे शंभर, असे ते चित्र नाही. शेजारी बसलेली बहीण माझ्यासाठी गाते आणि मी तिच्यासाठी गातो.

करिंथच्या मंडळीला तो आत्म्याने गा आणि बुद्धीनेही गा असे सांगतो. ज्याला शब्दच कळले नाहीत तो 'आमेन' कशाला म्हणेल, असे विचारतो. समजतील असे पाच शब्द त्याला न समजणाऱ्या दहा हजारांपेक्षा मोलाचे वाटतात.

आणि फिलिप्पैचा तुरुंग आठवा. पाठीवर फटक्यांचे वळ, पाय खोड्यात, मध्यरात्रीची वेळ. पौल आणि सीला यांच्याजवळ वाद्य नव्हते, वही नव्हती. जे तोंडपाठ होते तेच त्यांनी गायले आणि इतर बंदिवान ऐकत राहिले. आपला प्रभूही शेवटच्या भोजनानंतर शिष्यांबरोबर गीत गाऊनच जैतुनाच्या डोंगराकडे निघाला (मत्तय 26:30). संकटात उपयोगी पडते ते पाठ असलेले गीत.

पाच कसोट्या

1. शब्द खरे आहेत का? गाणे न लावता आधी त्याचे शब्द कागदावर उतरवून वाचावेत. चाल गोड असली की डोळे मिटतात आणि विचार थांबतो. गीतात देव कोण आहे, ख्रिस्ताने काय केले, हे येते का? की सगळे गाणे 'मला काय वाटते' यातच फिरते? प्रभूकडे आलास की रोग जाईल, कर्ज फिटेल, घर बांधून होईल असे वचन देणारी गाणी मी बाजूला ठेवतो. आपल्या भागात पीक बुडते, मूल दगावते, माणसे दिवाळीनंतर उसाच्या तोडणीला गुजरातेत जातात. गाण्याने दिलेले असे वचन खोटे ठरले की लोकांना देवच खोटा वाटू लागतो.

2. भाषा कोणाची आहे? हिंदीवरून शब्दाला शब्द ठेवून केलेले मराठी गाणे ऐकताना खटकते. शब्द एकीकडे आणि ताल दुसरीकडे जातो. शिवाय आपल्या पुष्कळ मंडळ्यांत मराठी ही शाळेची भाषा आहे. घरची भाषा मावची, वसावी, पावरी किंवा भिली आहे. आजींना कळेल का आणि लहान मुलाला कळेल का, असे दोन्ही टोकांना विचारावे.

3. चाल सगळ्यांना झेपेल का? अल्बममधला गायक तार सप्तकातल्या मध्यम-पंचमापर्यंत सहज चढतो. मंडळीला ते जमत नाही. माणसे तिथे गप्प होतात, आणि एकदा गप्प झालेला मनुष्य पुढच्या कडव्यालाही गप्पच राहतो. मधल्या सा पासून वरच्या सा-रे पर्यंत फिरणारी चाल सर्वसाधारण गळ्याला पुरते. अल्बमची पट्टी तशीच धरू नये. पेटीवर दोन-तीन पट्ट्या खाली उतरवून, पुरुष आणि बाया दोघांकडूनही गाऊन पाहावे. ताल केरवा किंवा दादरा असेल तर ढोलकीवर लगेच बसतो. मध्ये लांबच लांब वाद्यांचे तुकडे असतील तर पुन्हा कुठे सुरू करायचे ते कळत नाही. ध्रुवपद छोटे हवे आणि परत परत यायला हवे.

4. कोणत्या प्रसंगाला उपयोगी? दहापैकी नऊ गाणी उत्साहाची असतात. मंडळीच्या जीवनात मात्र प्रभुभोजन आहे, बाप्तिस्मा आहे, लग्न आहे, पेरणी आणि पिकाचे अर्पण आहे, आजाऱ्याची खाट आहे आणि कबर आहे. स्तोत्रसंहिता उघडून बघा : स्तुतीच्या जोडीला विलापाची कितीतरी स्तोत्रे आहेत. 13 वे स्तोत्र 'किती काळ?' असे विचारतच सुरू होते, आणि 88 वे तर अंधारातच संपते. देवाने ही स्तोत्रे आपल्या पुस्तकात ठेवली आहेत, तर रडणाऱ्याच्या घरात म्हणायला आपल्याजवळही काही हवे.

5. वीज गेली तर? ही शेवटची कसोटी, आणि सगळ्यांत कडक. गाणे दोनदा ऐकवायचे, यंत्र बंद करायचे, आणि फक्त टाळ-ढोलकीवर म्हणायला लावायचे. उरले तर ते मंडळीचे गाणे. नाही उरले तर ते गायकाचे गाणे. घरी ऐकायला उत्तम, पण उपासनेसाठी नव्हे.

हा विचार नवा नाही

1616 साली गोव्यात इंग्रज येशूसंघीय थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. परदेशातून आलेल्या त्या माणसाने शुभवर्तमान सांगायला ओवी निवडली, कारण लोकांच्या तोंडी ओवी होती. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हेच केले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी पाहिले की उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते बरीच आहेत. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाणीवर वाढलेल्या या कवीने ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि भजनात आणली. आपल्या 'उपासना संगीत'मधली त्यांची पदे आज शंभर वर्षांनंतरही पुस्तकावाचून म्हणणारी माणसे आहेत. त्या आजींपर्यंत ती परंपरा कोणत्याही यंत्राशिवाय पोचली.

आदिवासी चाली आणि वाद्ये यांबद्दल मात्र एक सावधगिरी. स्तोत्र 150 मध्ये डफ, बासरी, झांजा सगळे आहे, म्हणून ढोल आणाच, असे बाहेरून जाऊन सांगू नये. एका मंडळीत तरुणांना ढोल हवा होता. वडिलांना नको होता, कारण त्या ठेक्याबरोबर त्यांना दारूच्या रात्री आठवत. दुसऱ्या मंडळीत त्याच ढोलावर सुंदर उपासना होते. हा निर्णय त्या त्या मंडळीने प्रार्थनेने घ्यावा. आपण थांबावे आणि ऐकावे.

एका अल्बमची पारख

अलीकडे एका हितचिंतकांनी दहा मराठी गीतांचा अल्बम पाठवला. शब्द उतरवले तेव्हा दोन गीते समृद्धीच्या वचनांची निघाली. तीन गीतांची भाषा इतकी संस्कृतप्रचुर होती की मलाच अर्थ लावावा लागला. दोन चाली फार उंच गेल्या. एक गीत वाद्यांशिवाय उभेच राहिले नाही. उरली दोन : एक वधस्तंभावरचे, दुसरे सायंकाळच्या प्रार्थनेचे. अल्बम वाईट नव्हता. मी तो घरी अजूनही ऐकतो. मंडळीसाठी त्यातून दोन गीते मिळाली आणि तेवढी पुष्कळ झाली.

ती दोन गीते एका तरुणीला शिकवली आणि तिने ती त्याच पाड्यावर तोंडी शिकवली. सहा आठवड्यांनी गेलो. वधस्तंभाचे गीत लोक विसरले होते. सायंकाळचे गीत घरोघरी होते, आणि बायांनी त्याचे दुसरे कडवे आपल्या मावचीत करून टाकले होते. आजी सुरू करत होत्या आणि ती तरुणी ढोलकीवर होती.

हक्काविषयी थोडे

पुष्कळ जण विचारतात, म्हणून सांगतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाण्यास मुभा आहे. मात्र विकत घेतलेल्या अल्बमच्या प्रती काढून वाटणे म्हणजे विधी नव्हे. त्यासाठी परवानगी हवी. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो. टिळक 1919 मध्ये प्रभूकडे गेले, त्यामुळे त्यांचे शब्द आता सर्वांचे आहेत. पण त्यांच्या पदाचे कोणी नवे ध्वनिमुद्रण केले असेल तर त्यावर करणाऱ्याचा हक्क असतो. आदिवासी भाषांत गाणारे आपले भाऊबहिणी बहुधा पदरचे पैसे घालून अल्बम काढतात. त्यांचा अल्बम विकत घ्यावा.

देणाऱ्यांना विनंती

अल्बम पाठवूच नका, असे मी म्हणत नाही. थोडी गीते पाठवा, निवडून पाठवा, आणि शब्द मोठ्या अक्षरात छापून पाठवा. स्पीकरआधी एक ढोलकी आणि टाळांची जोडी द्या. आणि पाड्यावर गेलात तर तिथल्या वृद्धांकडून, त्यांची संमती घेऊन, त्यांना येणारी गीते आपल्या फोनवर उतरवून घ्या व मंडळीतल्या मुलांना परत द्या. त्यांच्या पश्चात ती कोणाकडेच राहणार नाहीत.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत पुस्तक किंवा यंत्राशिवाय सर्वांना येणारी गीते किती? मोजून पाहा.
2. शोकाच्या घरी आपण कोणते गीत म्हणतो? ते तरुणांना येते का?
3. आपल्यात पूर्वी गीत सुरू करणारे, आता मागे बसलेले कोणी आहे का? या रविवारी त्यांना विचाराल का?

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या मुखात तुझे गीत राहू दे. उजेडात आणि अंधारात, जमलेल्यांत आणि दूर कामाला गेलेल्यांत ते राहू दे. जे घर रडत आहे त्या घरात आम्हांला एकमेकांसाठी गायला शिकव. आमेन.